परसातील बंब : बांधणी, जळण व निगा

दिवाळी उलटली म्हणजे देशावर थंडीचा जोर वाढू लागतो. नाशिक, निफाड, जळगाव या भागांत थंडीची लाट आली की पहाटेचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या बरेच खाली उतरते आणि विहिरीवरून आणून ठेवलेले पाणी हात लावू देत नाही. अशा वेळी घरात सर्वांच्या आधी पेटते ती न्हाणीची चूल. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली. परंतु सिलिंडर जपून वापरावा लागतो, तो स्वयंपाकासाठी राखला जातो, आणि स्नानाचे पाणी मात्र पूर्वीप्रमाणेच लाकडांवर तापते. घरातील कर्ती बाई पहाटे उठून तीन दगडांवर हंडा चढविते, फुंकणीने जाळ करते आणि तासभर धूर खात बसते. या एका कामापायी किती लाकूड जळते, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. तो एकदा करून पाहण्यासारखा आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. सहा माणसांच्या कुटुंबास प्रत्येकी २० लिटर, म्हणजे १२० लिटर कोमट पाणी लागते असे धरू. पाणी मुळात २० अंशांचे असले व अंगावर घेण्यासारखे म्हणजे ४२ अंशांचे करावयाचे असले, तर १२० गुणिले २२, म्हणजे २,६४० किलोकॅलरी उष्णता पुरी होते. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३,५०० किलोकॅलरी मिळतात. याचा अर्थ, जळणातील सर्व उष्णता पाण्यात उतरली तर घरातील सर्वांच्या स्नानास पाऊण किलो लाकूड पुरावे! प्रत्यक्षात मात्र पाच ते सात किलो जळते. कारण उघड्यावरील तीन दगडांच्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी दहा ते पंधरा टक्केच भांड्यात शिरते. बाकीची वाऱ्याबरोबर, धुराबरोबर आणि चुलीच्या तीन तोंडांतून निघून जाते.

ही उधळपट्टी आपल्याकडे कोणाच्या ध्यानातच आली नव्हती असे मात्र नाही. शहरांतून व सधन घरांतून वापरात असलेला तांब्याचा बंब हे तिच्यावरील जुने व उत्तम उत्तर होय. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आणि इतरत्रही तांबटांनी पिढ्यान् पिढ्या असे बंब घडविले. बंबाची खुबी अगदी साधी आहे. पाण्याने भरलेल्या भांड्याच्या मधोमध एक नळी उभी असते, खाली जाळ असतो, आणि जाळाचा ऊष्ण वायू या नळीतून वर जाताना चोहोबाजूंच्या पाण्याला उष्णता देऊन जातो. जाळ भांड्याबाहेरून पळून जाण्याऐवजी भांड्याच्या पोटातून जातो. अशा योजनेत, बांधणी नीट असेल तर, निदान एकतृतीयांश उष्णता पाण्यास मिळते, आणि वरील कुटुंबाचे काम सव्वादोन-अडीच किलो लाकडांत भागते. रोज चार किलो वाचले तरी वर्षाकाठी जवळजवळ दीड टन लाकूड वाचते. ज्या घरी सरपण विकत घ्यावे लागते, किंवा ज्या घरची बाई ते डोक्यावरून आणते, तेथे या दीड टनाचे मोल वेगळे सांगावयास नको.

तांबे आता महाग झाले आहे. परंतु हेच तत्त्व पत्र्याच्या टाकीस लावून, गावातील वेल्डिंग करणारा कारागीर व एक गवंडी यांच्या मदतीने, न्हाणीघराच्या भिंतीबाहेर परसात असा बंब बांधता येतो. जाळ व धूर घराबाहेर राहतो आणि गरम पाणी नळीने आत येते.

टाकी लहान असावी

बंब करावयाचा म्हटले की बहुतेकांच्या मनात दोनशे लिटरचे पिंप येते. ते आयते मिळते हे खरे. परंतु एका कुटुंबास त्याची गरज नाही. पाणी ६० अंशांपर्यंत तापवून त्यात गार पाणी मिसळावयाचे असल्याने ६५ लिटर गरम पाण्यापासून जवळजवळ १२० लिटर कोमट पाणी होते. मोठे पिंप भरले की ते सगळे तापविल्याशिवाय पहिली बादलीही मिळत नाही, आणि उरलेले पाणी दुपारपर्यंत फुकट निवते.

अमेरिका व कॅनडातील शेतघरांचा अनुभव येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. तेथे घरापासून काही अंतरावर, लहानशा खोपटासारखी दिसणारी लाकडाची भट्टी उभारून तिच्यातील गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांनी घरात खेळवितात व त्यावर सारे घर उबदार ठेवितात. यांपैकी पुष्कळ भट्ट्या गरजेपेक्षा मोठ्या असत. त्यांत एकदम लाकडांचा ढीग भरावयाचा व हवा कोंडून तो तासन् तास धुमसत ठेवावयाचा, अशी रीत पडली. परिणामी जळण जास्त लागले आणि शेजाऱ्यांच्या घरांत धूर जाऊ लागला. अखेर २०१५ साली अमेरिकेच्या सरकारला नव्या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम करावे लागले. आपल्याकडे घर तापविण्याचा प्रश्न नाही. परंतु मोठी भट्टी व दबलेला जाळ यांपासून नुकसानच होते, ही गोष्ट परसातील बंबासही तंतोतंत लागू आहे. लहान टाकी, थोडे जळण व मोकळा, भडकता जाळ हेच धोरण ठेवावे.

बांधणी

टाकीचा व्यास ४० सेंटिमीटर व उंची ६५ सेंटिमीटर ठेवावी. बाजूस २ मिलिमीटर जाडीचा व तळास ३ मिलिमीटर जाडीचा काळा लोखंडी पत्रा वापरावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा टिकतो म्हणून काही जण तो सुचवितात. परंतु वेल्डिंग करताना त्यातून निघणारा जस्ताचा धूर कारागिराच्या छातीत जाऊन त्याला ताप आणतो, आणि जाळावरच्या तळाशी तो मुलामा टिकतही नाही. जुने पिंप कापून त्याचा पत्रा वापरावयाचा झाल्यास त्यात पूर्वी काय होते याची खात्री करून घेतली पाहिजे. कीटकनाशकाचे पिंप कोणत्याही कारणाने वापरू नये. कितीही धुतले तरी नाही. तेलाच्या किंवा रॉकेलच्या रिकाम्या पिंपात वाफ साठलेली असते व वेल्डिंगची ठिणगी पडताच त्याचा स्फोट होतो. असे पिंप न कापलेलेच बरे.

टाकीच्या तळापासून माथ्यापर्यंत मधोमध १५ सेंटिमीटर व्यासाची नळी बसवावी व दोन्ही टोकांस ती पाणी न झिरपेल अशी जोडावी. माथ्यावर ती १० सेंटिमीटर वर काढावी, म्हणजे तिच्यावर धुराड्याची नळी बसविता येते. टाकीच्या माथ्यावर, नळीच्या एका बाजूस, हात आत जाईल एवढे गोल भोक ठेवून त्यावर नुसते पत्र्याचे झाकण ठेवावे. हे झाकण स्क्रूने आवळू नये. त्याचे कारण पुढे येईल.

आता पाणी आत घेण्याची व बाहेर काढण्याची व्यवस्था. या बंबातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. गार पाणी घालण्यासाठी एक नळी टाकीच्या माथ्यातून आत सोडावी व तिचे खालचे टोक तळापासून चार बोटे वर राहील असे ठेवावे. वरच्या टोकास नरसाळे बसवावे. गरम पाण्याची नळी मात्र टाकीच्या बाजूस, माथ्यापासून ५ सेंटिमीटर खाली जोडून तीच भिंतीतून न्हाणीघरात उतरती न्यावी. या नळीस तोटी लावू नये. तिचे तोंड सदैव उघडे असावे. नरसाळ्याचे तोंड या नळीपेक्षा वीतभर तरी उंच असावे. अशी रचना केली म्हणजे नरसाळ्यातून एक बादली गार पाणी ओतले, की ते तळाशी जाते आणि वर तरंगत असलेले तेवढेच गरम पाणी न्हाणीघरातील बादलीत पडते. गार पाणी जड व गरम पाणी हलके असल्याने, सावकाश ओतल्यास, दोन्हींची फारशी मिसळ होत नाही. घालाल तेवढेच मिळेल, असा हा व्यवहार आहे.

तळाशी तोटी असलेल्या बंबापेक्षा ही रीत थोडी गैरसोयीची वाटेल. प्रत्येक बादलीस कोणी तरी बाहेर जाऊन पाणी ओतावे लागते. भिंतीतून नरसाळ्यापर्यंत दुसरी नळी आत आणल्यास तेही काम वाचते. परंतु तळाच्या तोटीने सगळे पाणी काढून घेता येते, आणि एखाद्या दिवशी खाली जाळ असताना टाकी कोरडी पडते. कोरड्या टाकीचा तळ लाल होतो, सांधे उकलतात, आणि घाबरून कोणी त्यात गार पाणी ओतले तर एकदम वाफ उसळून तोंड-हात भाजतात. वरून पाणी सांडणाऱ्या टाकीत ही चूक करावयाची म्हटली तरी सहजी होत नाही. टाकी धुऊन काढण्यासाठी तळालगत बाजूस एक बूच ठेवावे. पण ते पाना लावूनच निघेल असे असावे.

टाकी तयार झाल्यावर ती चुलीवर चढविण्यापूर्वी काठोकाठ भरून दिवसभर ठेवावी व झिरपणारे सांधे खडूने खुणा करून पुन्हा जोडून घ्यावेत. भट्टी बांधल्यावर हे काम फार जिकिरीचे होते.

भट्टीसाठी साध्या भाजक्या विटा चालतात. त्या सिमेंटमध्ये बांधू नयेत. जाळाने सिमेंट तडकते. चिकणमातीत भुसा मिसळून चार दिवस कुजू द्यावी व त्या गाऱ्यात बांधकाम करावे. भट्टीची आतील पोकळी गोल, ३२ सेंटिमीटर व्यासाची ठेवावी, म्हणजे टाकीचा काठ चोहोबाजूंनी चार-चार सेंटिमीटर विटांवर टेकतो. भरलेली टाकी नव्वद किलोंच्या आसपास भरते. तेव्हा पाया दगडाचा व भिंत एक वीट जाडीची असावी. जाळासाठी १२ मिलिमीटर सळ्यांची जाळी, सळ्यांमध्ये दीड सेंटिमीटर अंतर सोडून, टाकीच्या तळापासून ३० सेंटिमीटर खाली बसवावी. जाळीखाली राखेसाठी वीतभर जागा सोडावी व तिला पत्र्याचे दार करावे. हवा या खालच्या दारातून यावयाची व लाकूड वरच्या दारातून घालावयाचे. जाळी न बसविता लाकडे जमिनीवर जाळली तर हवा निखाऱ्यांखाली पोचत नाही. खर्च वाचविण्यासाठी अनेक जण जाळीच गाळतात. तिच्याइतकी फलदायी वस्तू सबंध भट्टीत दुसरी नाही.

धुराड्यास दोन मीटर लांबीची पत्र्याची नळी पुरे. तिचे तोंड वळचणीच्या वर किमान एक मीटर जावे व त्यावर टोपी असावी. थंडीत वारा बहुधा ईशान्येकडून व पूर्वेकडून आणि पावसाळ्यात नैऋत्येकडून येतो, हे ध्यानात घेऊन धूर स्वयंपाकघरात किंवा गोठ्यात शिरणार नाही अशी जागा निवडावी. शाकारलेल्या छपरालगत हा बंब बांधू नये, आणि कडब्याची गंजी दहा मीटरांच्या आत नसावी. भट्टीवर पत्र्याची पडवी असावी, पण बाजू मोकळ्या असाव्यात.

टाकीभोवती चार बोटांची फट सोडून विटांचा पातळ वेढा उभारावा व ती फट कोरड्या चाळलेल्या राखेने भरावी. राख ही उष्णता कोंडून धरणारी, फुकट मिळणारी व न जळणारी वस्तू आहे. भाताचे तूस भरण्याचा मोह कोकणात होईल. परंतु तूस आतल्या आत धुमसू शकते, म्हणून त्याची राखच वापरावी. सारे बांधकाम आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्यावे, नंतर टाकी भरून दोन-तीन दिवस अगदी लहान जाळ करावा, आणि मग नेहमीच्या वापरास काढावे.

तोंड बंद करू नये

परसातील बंबासंबंधी एकच गोष्ट सांगावयाची असती, तर ती ही : पाण्याचे तोंड बंद करू नये. तापल्यावर पाणी फुगते. ६५ लिटर पाणी २० अंशांवरून ९० अंशांवर गेले की दोन लिटरांहून अधिक वाढते. उकळल्यावर तर एका लिटरची सोळाशे लिटरांहून अधिक वाफ होते. झाकण सैल, नरसाळे मोकळे व सांडणीची नळी उघडी असेल, तर ही वाढ व वाफ निमूट निघून जाते. पण ऊब टिकावी म्हणून नरसाळ्यात चिंधीचा बोळा, नळीला तोटी आणि झाकणाला चार स्क्रू, अशी सुधारणा करण्याची बुद्धी हुशार माणसांनाच होते. मग काय घडते ते पाहावे. या टाकीच्या माथ्याचे क्षेत्रफळ एक हजार चौरस सेंटिमीटरांहून थोडे अधिक आहे. आत दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब साठला, तरी माथ्यावर एक टनाहून अधिक जोर येतो. हाताने जोडलेल्या २ मिलिमीटर पत्र्याने तो सोसावा अशी अपेक्षा करता येत नाही. कोंडलेली वाफ हाताळणाऱ्या बॉयलरवर आपल्याकडे १९२३ पासून कायद्याची देखरेख आहे, आणि २०२५ साली जुन्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. घरगुती बंब हा त्या जातीचा नव्हे. परंतु तो बॉयलर नाही, तो केवळ त्याचे तोंड उघडे आहे म्हणून.

दुसरा धोका डोळ्यांस दिसत नाही. पावसाळ्यात ओल चढते म्हणून किंवा चोरीच्या भीतीने, पेटता बंब वा निखाऱ्यांची शेगडी न्हाणीघरात आणून दार लावून घेण्याची पद्धत काही घरांत आहे. अर्धवट जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, पाय लटपटतात, आणि माणूस दाराची कडी काढण्यापूर्वीच खाली कोसळतो. निखारे लाल दिसतात, धूर नसतो, म्हणून धोका नाही असे वाटते. वस्तुतः हा वायू याच वेळी अधिक असतो. म्हणूनच भट्टी भिंतीच्या बाहेर ठेवावयाची, आणि भिंतीतील नळीभोवतीची फट गाऱ्याने बुजवावयाची.

तिसरी गोष्ट लहान मुलांची. ६० अंशांचे पाणी पाच-सात सेकंदांत मोठ्या माणसाची कातडी भाजून काढते. मुलांना तेवढाही वेळ लागत नाही. बादलीत आधी गार पाणी घ्यावे व त्यावर गरम पाणी सोडावे, उलट करू नये. सांडणीच्या नळीखाली घंगाळ भरत ठेवून दुसऱ्या कामास जाणे तर टाळलेच पाहिजे.

जाळ कसा करावा

प्रथम नरसाळ्यातून पाणी घालून ते सांडणीच्या नळीतून वाहू लागल्याची खात्री करावी. मगच काडी ओढावी. जाळीवर तुराट्या किंवा वाळलेल्या बारीक काटक्या पेटवून, जाळ धरल्यावर मनगटाएवढ्या जाडीची, हातभर लांबीची तीन-चार लाकडे घालावीत. खालचे दार पूर्ण उघडे असावे. जाळ चांगला पेटला की धुराड्यातून धूर जवळजवळ दिसेनासा होतो. काळा वा पिवळसर दाट धूर निघत असेल, तर लाकूड ओले आहे किंवा हवा कमी पडते आहे, असे समजावे. धुराच्या रूपाने वर जाते ते न जळलेले सरपणच होय. तेच घरात शिरले म्हणजे बाईच्या व तिच्या पाठीशी बांधलेल्या मुलाच्या फुप्फुसांत जाऊन बसते.

सव्वादोन किलो कोरड्या लाकडांत अर्ध्या-पाऊण तासाने पाणी वापरण्याजोगे होते. जाळ बसला व नुसते निखारे राहिले की खालचे दार अर्धे लोटावे, पण धुराड्यात झडप घालून ते कधीही पूर्ण बंद करू नये. सर्व विझून राख झाल्यावर मात्र दोन्ही दारे घट्ट लावावीत. हे न केल्यास मधल्या नळीतून रात्रभर गार हवा वर चढत राहते आणि ज्या वाटेने पाणी तापले त्याच वाटेने ते निवते. रात्री जेवणानंतर बंब पेटवून सकाळी पाणी घेणाऱ्यांनी ही दक्षता घेतली, तर पहाटे पुन्हा जाळ करण्याची गरज पुष्कळदा पडत नाही.

दुभती जनावरे असलेल्या घरी स्नानाचे पाणी काढून झाल्यावर टाकीत उरलेल्या उबेचा आणखी एक उपयोग आहे. दुधाच्या किटल्या व चरव्या नुसत्या गार पाण्याने विसळल्यास सांध्यांत स्निग्धांश राहतो व पुढचे दूध लवकर नासते. प्रथम गार पाण्याने विसळून, मग सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासून, शेवटी कढत पाणी ओतून भांडी पालथी घालावीत. धारेपूर्वी कास पुसण्यासही कोमट पाणी बरे.

जळण

ओल्या लाकडाइतका खर्चिक पदार्थ शेतकऱ्याच्या घरात दुसरा नसेल. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. म्हणजे एक किलो ओले लाकूड घातले तर जळणारा भाग अर्धा किलोच. शिवाय त्यातील अर्धा लिटर पाण्याची वाफ करण्यात तीनशे किलोकॅलरींवर उष्णता जाते. जाळ मंदावतो, धूर होतो, धुराड्यात डांबरासारखा थर बसतो. सरपण पौष-माघात तोडून, मनगटाएवढे फोडून, आडवे-उभे थर देऊन हवेशीर रचावे. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत ते उत्तम वाळते. मृग लागण्यापूर्वी ते छपराखाली गेले पाहिजे. दोन लाकडे एकमेकांवर आपटली असता खणखणीत आवाज आला व टोकांस चिरा दिसल्या, म्हणजे ते तयार झाले. बाभळीचे लाकूड सर्वोत्तम, सुबाभूळही चांगले. मात्र बांधावरील झाड मुळासकट तोडण्यापेक्षा फांद्या छाटून घेणे हिताचे असते, आणि काही जातींच्या झाडांच्या तोडीस १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

शेतातील काटक्यांचा चांगला उपयोग होतो. तुराट्या पेट घेण्यास उत्तम. पऱ्हाट्यांच्या बाबतीत मात्र एक पथ्य आहे. त्यांचे ढीग पुढील हंगामापर्यंत घराशेजारी किंवा बांधावर पडू देऊ नयेत, कारण उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते व नव्या कपाशीवर उतरते. कुट्टी करून त्यांचे खत केले तर सर्वांत चांगले. जाळावयाच्याच असतील तर बाभळीचे सरपण राखून ठेवून आधी त्या संपवाव्यात. शेणाच्या गोवऱ्या बंबात घालू नयेत. त्या जळतात, पण त्यांच्याबरोबर शेताचे नत्र व सेंद्रिय द्रव्य जळते, आणि धूरही सर्वांहून अधिक होतो.

काही वस्तू भट्टीत जाताच कामा नयेत : प्लास्टिक, टायरचे तुकडे, रंग दिलेले लाकूड, औषधांचे डबे. कण्हेरीचे लाकूड विषारी असल्याने तिचा धूरही बाधक आहे. कोकणात काजूची टरफले मुबलक असतात व ती जोरात पेटतात. परंतु त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना व कातडीला झोंबतो, म्हणून घरगुती भट्टीत ती टाळावीत.

निगा

आठवड्यातून एकदा मधली नळी व धुराडे साफ करावे. सळईच्या टोकास काथ्याचा बोळा बांधून वरखाली फिरविला की काजळी खाली पडते. काजळी ही उष्णता अडविणारी आहे. नखाएवढा थर बसला तरी तेवढेच पाणी तापण्यास जास्त लाकूड लागू लागते. चिकट डांबरी थर दिसला तर जळण ओले आहे हे नक्की. तो थर पेट घेतो, तेव्हा खरवडून काढावा.

देशावरील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. ते तापले की चुन्यासारखा पांढरा थर तळावर धरतो. मग तळ व पाणी यांमध्ये जणू एक फरशीच येते, तळ फाजील तापतो व लवकर फुटतो. वर्षातून एकदा चिंचेचा कोळ घातलेले पाणी रात्रभर टाकीत ठेवावे, सकाळी माथ्याच्या भोकातून हात घालून थर मोकळा करावा व तळाचे बूच काढून धुऊन टाकावा. लोखंडी टाकीतील पाणी कधी तांबूस येते. ते स्नानास चालते. पिण्यास व स्वयंपाकास घेऊ नये.

राख दररोज काढावी, पण पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवसापर्यंत निखारा जिवंत राहतो, आणि ती उकिरड्यावर टाकल्यामुळे वैरणीस आगी लागतात. पूर्ण विझलेली राख हे पालाशयुक्त खत आहे. तिच्यात चुनाही असतो, म्हणून कोकणातील आम्ल जांभ्या जमिनीस ती विशेष मानवते. चुनखडीच्या व क्षारपड जमिनीस ती देऊ नये. शेणखतात, युरियात किंवा अमोनियम सल्फेटमध्येही ती मिसळू नये. त्यांतील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते.

जाळाइतकाच टाकीचा शत्रू म्हणजे ओली राख. पावसाळ्यात भट्टीत राख भिजून राहिली तर तिच्या क्षाराने जाळी व टाकीचा तळ एका मोसमात खाऊन जातो. बंब काही दिवस वापरावयाचा नसेल तर राख पूर्ण काढून, टाकी रिकामी करून, झाकण उघडे ठेवून ती आतून कोरडी होऊ द्यावी, व धुराड्याच्या तोंडावर मडके पालथे घालावे. पुन्हा पेटविण्याच्या दिवशी ते मडके काढण्याची आठवण मात्र ठेवावी.